मथूआक्काचा गुडघा

समस्त लहानथोरांस, बायाबापड्यांस आणि स्वतःच्या घराहून दुसऱ्याच्या घरातलं ज्यांना जास्त ठाऊक असतं अशा तमाम शेजाऱ्यांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील नसतील, तेव्हा आमच्या चिंचवडच्या गावठाणात एक संसारी, चाळिशीची बाई, हातात पिशवी नाही, डोक्यावर पाटी नाही, काखेत कळशी नाही, अशा अवस्थेत भरदिवसा घराबाहेर पडली आणि चालू लागली. तिला कुठंही जायचं नव्हतं.

शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. घाई नाही.

आता लोक पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सकाळचे फिरायला जातात आणि वर आपण फिरून आलो हे चारचौघांत सांगतात. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा रिकाम्या हातानं चालणारा पुरुष म्हणजे एकतर मोजणीला आलेला सरकारी माणूस, नाहीतर चोर. बाईसाठी एवढीही सोय नव्हती. रस्त्यात जो भेटेल तो विचारणार, "कुठं निघालात?" ही काही चौकशी नव्हे. हा आमच्याकडचा नमस्कार. पण त्याला उत्तर द्यावंच लागतं आणि उत्तरात एखादं ठिकाण असावं लागतं. "कुठं नाही, अशीच" म्हणणाऱ्या बाईकडे लोक नीट निरखून पाहतात आणि घरी जाऊन आपल्या माणसांशी हळू आवाजात बोलतात.

त्या बाईचं नाव मथुरा. आम्ही सगळे तिला मथूआक्का म्हणायचो. ती, तिचा नवरा दत्ताराम, मी आणि आमची ही असे आम्ही चिंधाबाईच्या गोठ्यात राहत होतो. गोठ्यात म्हणजे खरोखरच गोठ्यात. चिंधाबाई गावातली जुनी शेतकरीण. सडकेच्या कडेला कारखाने उभे राहू लागले, कोकणातून, घाटावरून माणसं येऊ लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की म्हैस दूध देते पण तिला पेंड लागते. भाडेकरूला पेंड लागत नाही. तिनं म्हशी काढल्या, मधे कुडाच्या भिंती घातल्या आणि आम्हाला भरलं. भिंतीतल्या म्हशी बांधायच्या लोखंडी कड्या मात्र तशाच राहिल्या. आमच्या कडीला मी छत्री अडकवायचो. आक्काच्या कडीला काय लटकायचं ते सांगतो.

दत्ताराम नव्या कारखान्यात पाळीवर जायचा. माणूस सरळ, कष्टाळू आणि इतका कमी बोलणारा की त्याला सर्दी झाली तरच आवाज ऐकू यायचा. आक्का उंच, हाडापेरानं दणकट, राजापूरकडची. तिला बोलायला माणूस लागायचं असंही नाही. चुलीशी बोलायची, उतू जाणाऱ्या दुधाशी भांडायची. कुडाच्या भिंतीपलीकडून हे सगळं आम्हाला फुकट ऐकायला मिळे.

एका थंडीत ती पवनेच्या घाटावर धुणं धुताना शेवाळ्यावरून घसरली आणि गुडघ्याची वाटी फुटली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घातलं. ते निघालं शिमग्याच्या सुमारास, आणि आत जो पाय सापडला तो वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता. गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज चालायचं. दुखलं तरी चालायचं. चाललात तर पाय तुमचा. बसून राहिलात तर तो लाकडाचा, आणि मग माझ्याकडे येऊ नका."

तेव्हा दत्तारामचे थोरले भाऊ, आबा, मुद्दाम गावाहून आले होते. भारदस्त माणूस. त्यांनी तो पाय पाहिला, बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, "दत्ता, गणपतीपर्यंत बघतो मी. तोवर हिला उठता-बसता आलं तर ठीक. नाहीतर हिला गावी नेतो. तू इथं खानावळीत जेव. दिवसभर पाळीवर असतोस, अधू बाईला इथं बघणार कोण?"

आबा वाईट नव्हते. त्यांची आई अशीच पाय अधू होऊन अंथरुणाला खिळली होती आणि शेवटपर्यंत तिचं सगळं आबांनी केलं होतं. घरामागची एक खोली. वरती एकच झरोका. म्हातारी त्या झरोक्याकडे बघत वर्षानुवर्षं पडून राहिली आणि तिथंच गेली. सून म्हणून आक्कानं तिला भरवलं होतं. खोलीचा वास आक्काला ठाऊक होता.

आबा गेल्यावर ती आमच्या हिला म्हणाली, "ती खोली त्यांनी सारवून ठेवली असेल. मला माहीत आहे. प्रेमानंच सारवली असेल."

एवढंच. नंतर ती त्या खोलीबद्दल बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हशीच्या कडीला आक्का लटकू लागली.

दोन्ही हातांनी कडी धरायची आणि गुडघा वाकवत खाली जायचं. घड्याळ नव्हतं. भाताचं आधण ठेवायचं आणि त्याला उकळी येईपर्यंत वर-खाली करायचं. पलीकडून आम्हाला ऐकू यायचं, "वाक रे, वाक. जावई आहेस का? रुसून काय बसतोस?" मग एक दबलेला हुंकार, मग भाताच्या झाकणाची थडथड. कधी कधी हुंकारानंतर बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही आणि करपल्याचा वास यायचा. त्या दिवशी आमची ही काही न बोलता वाटीभर भात पलीकडे नेऊन द्यायची.

कंटाळ्याला तिनं नाव ठेवलं होतं. राहूदेराव. "आज राहू दे, उद्या करू," असं जो आतून म्हणतो तो. "आज सकाळपासून राहूदेराव आलेत," ती म्हणायची. "गोड बोलतात मेले. पाय सुजलाय म्हणतात, घरात पाहुणे आहेत म्हणतात, आभाळ आलंय म्हणतात. एकदा पाट मांडला की जेवूनच उठतात, म्हणून त्यांना मी दारातच उभं करते."

पण राहूदेरावांना दारात थोपवलं तरी दाराबाहेर गाव होतंच.

पहिल्या दिवशी ती चालायला निघाली ती मी सुरुवातीला जाहीर केलेल्या अवस्थेत, रिकाम्या हातानं. ओट्यावर चिंधाबाई शेंगा फोडत बसली होती.

"कुठं निघालीस गं मथे?"

"अशीच."

"अशीच म्हंजी?"

"जरा चालून येते."

"कुठवर?"

"येते की परत."

"आगं, परत येशील ते कळलं. जातीस कुठं?"

आक्का चार घरं पुढं गेली. तिथं तेच. वळणावर तेच. एकीनं तर काळजीनं दंडाला धरून विचारलं, "घरात काय बोलले का गं दत्ताराम?" आक्का लंगडत परत आली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात झालं होतं की दत्तारामची बायको रुसून निघाली होती आणि चिंधाबाईनं तिला परत फिरवली. दत्ताराम पाळीवरून आला तेव्हा कोपऱ्यावरच्या दोघांनी त्याला बाजूला घेऊन संसाराबद्दल चार शब्द सांगितले. तो बिचारा ऐकून घेऊन घरी आला, जेवला आणि झोपताना एवढंच म्हणाला, "उगाच बाहेर कशाला?"

मग आक्कानं ठिकाण शोधलं. पिठाची गिरणी. गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "गिरणीत."

"दळणाला?"

"हो."

"बरं झालं बाई. थांब, माजी पायलीभर बाजरी हाय, तेवढी घिऊन जा."

झालं. आमच्याकडे गिरणीला निघालेली बाई ही एकट्याची नसते, आळीची असते. पहिल्या दिवशी चिंधाबाईची बाजरी, दुसऱ्या दिवशी समोरच्यांची ज्वारी, मग कुणाच्या तरी बाळंतिणीसाठी गहू. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं आणि पाय अधू आहे म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, मग घरी बस की. आठवडा संपायच्या आत आक्का डोक्यावर दोन घरांची दळणं घेऊन चालत होती. गुडघा सुजून नारळाएवढा झाला. तिनं अंथरूण धरलं. भात करपायचा बंद झाला, कारण भात शिजायचाच बंद झाला. दत्ताराम आमच्याकडे जेवायचा आणि खाली मान घालून जायचा. त्या दिवसांत कुडापलीकडे ती कुणाशीच बोलत नव्हती. चुलीशीही नाही. आमची ही म्हणाली, "राहूदेराव जेवायला बसलेत वाटतं." मला हसू आलं नाही.

सूज उतरल्यावर एका संध्याकाळी मी कारखान्यातून येतो तो आक्का वेणीफणी करून, बरं लुगडं नेसून दारात उभी. चिंधाबाई ओट्यावर होतीच.

"कुठं निघालीस?"

"स्टेशनवर. भाऊ यायचाय माझा."

काय चमत्कार झाला सांगू? कुणी बाजरी दिली नाही. कुणी दंड धरला नाही. पाहुण्याला आणायला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी थांबवत नाही, ओझं देत नाही, गाडी चुकेल म्हणून उलट हाकलतात. गावठाणापासून स्टेशन चांगलं मैलभर. वाटेत जो विचारी त्याला ती सांगे, "भाऊ येतोय," आणि तो म्हणे, "जा जा, गाडीची वेळ झाली." स्टेशनवर पुण्याकडून येणारी संध्याकाळची गाडी थांबली, माणसं उतरली, गेली. आक्का बाकावर बसली, दम घेतला आणि परत आली.

"न्हाई आला?" चिंधाबाईनं विचारलं.

"गाडी चुकली असेल. उद्या येईल."

या एका खोट्यात केवढी करामत होती हे त्या वेळी आक्काच्याही ध्यानात आलं नसावं. भाऊ उद्या येणार. म्हणजे उद्याही जायला हवं. आणि तो कधीच येणार नसल्यामुळे रोजच जायला हवं. कारण आक्काला भाऊ नव्हताच. हे तिनं आमच्या हिला सांगितलं होतं, हिनं मला, आणि आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्या तोंडाचा स्वभाव पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

पुढं तर तिला घरी राहायची सोयच उरली नाही. एखाद्या दिवशी पाय ठणकायचा, चूल पेटलेली नसायची आणि राहूदेराव आत येऊन ऐसपैस बसायचे. पण गाडीच्या वेळी दारावर चिंधाबाईची काठी वाजायची. "मथे, उठ. आजच यायचा असंल म्हंजी? बहीण न्हाई दिसली तर माघारी जाईल त्यो." आक्का कण्हत उठायची. आषाढात काळ्या मातीचा चिखल पायातली वहाण ओढून घ्यायचा, तर चिंधाबाईनं स्वतःचं इरलं तिच्या डोक्यावर घातलं आणि स्वतः पोतं पांघरून बरोबर निघाली. मग रोजच बरोबर जाऊ लागली. म्हातारीला त्या न आलेल्या भावाची फार काळजी. वाटेनं विचारायची, "कसा हाय दिसायला? काम काय करतो? सुपारी खातो का?" आक्का देईल ती उत्तरं म्हातारी मनात साठवायची. आक्कानं त्याला राजापूरच्या बंदरावर कामाला लावलं, निर्व्यसनी केलं, उंची थोडी वाढवली. एकदा मी सायकलवरून मागून येत होतो तेव्हा ऐकलं, तो लहानपणी आंब्यावरून पडला होता आणि त्याच्या कपाळावर खूण होती.

पाय सुधारत होता. कडीला लटकून ती आता पार खाली जायची. लंगडणं कमी झालं. आणि इकडं गाव तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलं होतं.

कारण भाऊ येईना. उन्हाळा गेला, पाऊस लागला, बाई रोज गाडीला जाते आणि रोज एकटी परत येते. आधी लोक विचारायचे, "आला का?" मग विचारायचे थांबले. ती दिसली की बोलणं थांबायचं. कुणी म्हणे भाऊ कधीच मेलाय, हिला सांगितलेलं नाही. कुणी म्हणे सांगितलंय, हिला पटत नाही. स्टेशनवरचा हमाल तिच्यासाठी बाक पुसून ठेवायचा आणि तिच्याशी बोलताना लहान मुलाशी बोलावं तसा बोलायचा. घरात प्लॅस्टर घातलेला पाय होता तेव्हा जी माणसं खणखणीत आवाजात "पाय कसा आहे?" विचारत, ती आता दत्तारामला हळूच विचारत, "आक्काचं कसं आहे?"

कारखान्यात कुणी "मेहुणा आला का?" म्हटलं की दत्ताराम मान हलवून म्हणायचा, "नाही अजून." त्याच्या तोंडून खोटं निघताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते तो इतक्या खऱ्या चेहऱ्यानं बोलायचा की मला कौतुक वाटायचं. एका संध्याकाळी पलीकडून त्याचा आवाज आला. सर्दी झाली नव्हती तरी आला.

"खरंच कुणी येणार आहे का गं?"

चुलीवरचं काहीतरी खाली उतरवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे?" आक्का म्हणाली. "तुम्ही मला विचारताय?"

"लोक म्हणतात..."

"तुम्ही काय म्हणता?"

आमची ही भाकरी थापता थापता थांबली होती. हातातल्या पिठाकडे बघत म्हणाली, "सांगून टाकायला हवं होतं हिनं त्यांना." पण काय सांगायचं? नवऱ्याला बायको रस्त्यावर उगाच फिरलेली नको होती. भाऊ खोटा म्हटला तर उद्यापासून चालणं बंद. भाऊ खरा म्हटला तर डोकं फिरलेलं. गुडघा सोडवता सोडवता बाई भलत्याच ठिकाणी अडकली होती.

त्यातच दत्तारामचा एक गाववाला सुट्टीवर गेला आणि त्यानं आबांच्या कानावर घातलं. तुमच्या भावजयीचा पाय राहू द्या, डोक्याचं बघा.

श्रावणातला रविवार होता. मी पुण्याला गेलो होतो, संध्याकाळच्या गाडीनं परतत होतो. चिंचवडला उतरलो तर माझ्याच डब्यातून एक भारदस्त गृहस्थ वळकटी, पिशवी आणि छत्री सांभाळत उतरले. आबा. गणपतीला अजून अवकाश होता. समोर बाकाजवळ आक्का आणि चिंधाबाई उभ्या होत्या.

आक्कानं आबांना पाहिलं. पदर डोक्यावर घेतला. चेहरा असा झाला की मला त्या झरोक्याची आठवण झाली, जो मी कधी पाहिलाही नव्हता. आणि आबा "मथुरा" म्हणून तिच्याकडे वळले तेवढं चिंधाबाईला पुरलं.

"आलास का बाबा?" तिनं आबांचा हातच धरला. "आरं, काय माणूस म्हणायचा का कोण तू? बहिणीनं तुझ्यापायी ह्या चिखलात पाय झिजवलं. एक दिस चुकली न्हाई. लाज वाटती का काय?"

"अहो बाई, मी..."

"बोलू नगंस. तुझ्या तोंडाकडं बघून कळतंय तुला लाज वाटती ती."

आबा टांग्याकडे निघाले तर म्हातारीनं काठी आडवी धरली. "टांगा न्हाई मिळायचा. ती रोज चालत आली, तू आज एक दिस चाल."

ती वाट मी जन्मात विसरणार नाही. पुढं आक्का, डोक्यावर आबांची वळकटी, कुणी दिली नव्हती, तिनंच उचलली होती. मागं घामाघूम आबा. त्यांच्या मागं पोलिसासारखी चिंधाबाई. आणि स्टेशनवर ठेवलेली सायकल हातात धरून मी. गुऱ्हाळाच्या वळणावर आबा धापा टाकत दगडावर टेकले तेव्हा आक्का वळकटीसकट उभी राहिली, त्यांचा दम परत येईपर्यंत. दोन्ही बाजूंनी माणसं बाहेर येत होती. "आला का भाऊ?" "आला, आला," चिंधाबाई सांगायची. "आक्के, तोंड गोड कर बरं का," कुणी दारातून म्हणे. बायांनी डोळ्याला पदर लावले. एक म्हातारा आबांना म्हणाला, "उशीर केलास, पण आलास." आबांना उत्तर द्यायला श्वास नव्हता.

अंगणात येऊन पोचलो तर चिंधाबाईनं आरतीचं ताट आणायला माणूस पिटाळलं. निम्मी आळी गोळा झाली. दत्ताराम दारात उभा होता. आबा तांब्याभर पाणी प्यायले आणि तोंड पुसून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी हिचा भाऊ नाही. थोरला दीर आहे. हिला भाऊ नाही. कधीच नव्हता."

आरतीचं ताट घेऊन आलेल्यानं ते खाली ठेवलं.

"ऐकलंत ना? म्हणून न्यायला आलोय मी हिला. दत्ता, सामान बांध."

चिंधाबाईच्या हातात नारळ होता. तो तसाच राहिला. ती आक्काकडे पाहत होती, जसं आपण घसरलेल्या माणसाकडे पाहतो.

आक्का अंगणाच्या मधोमध आली. वळकटी खाली ठेवली. "भाऊ नाही मला," ती म्हणाली. "मला चालायचं होतं. रिकामी चालले तर तुम्ही विचारता. गिरणीत जाते म्हटलं तर दळण देता. स्टेशनवर जाते म्हटलं तर जाऊ देता. म्हणून भाऊ केला." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मला त्या खोलीत जायचं नव्हतं, आबा."

कुणीतरी खाकरलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. वेडी म्हणून जी दया होती ती चेहऱ्यांवरून सरकू लागली होती, आणि तिच्या जागी जे येत होतं ते बरं दिसत नव्हतं. इतक्या लोकांना, इतके दिवस, तोंडावर फसवलं.

तेव्हा दत्ताराम दारातून बोलला. "मी पण रोज कारखान्यात सांगत होतो, मेहुणा येणार म्हणून. हिला वेडी म्हणून नेणार असाल तर मला पण न्या, आबा."

मी तिथं होतो म्हणून सांगतो, नाहीतर दत्तारामनं सलग एवढी वाक्यं म्हटली यावर मीही विश्वास ठेवला नसता.

आबा बराच वेळ आक्काच्या पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बस बघू खाली."

ती बसली. कशाला न धरता, जमिनीवर, मांडी घालून. एक गुडघा थोडा वर राहिला, तो शेवटपर्यंत वरच राहायचा होता. दातांखाली ओठ धरला होता.

"ऊठ."

उठताना ती मधेच थांबली. दत्ताराम पुढं झाला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. मग उभी राहिली.

आबांनी वळकटी स्वतःकडे ओढून घेतली आणि तिच्या दोरीची गाठ उगाच सोडायला लागले. "आईला कुणी चाल म्हटलं नाही," ते म्हणाले. "दुखतं म्हणाली की आम्ही म्हणायचो, पडून राहा." हे त्यांनी कुणाला सांगितलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. टांग्यानं.

सगळं गोड झालं असं वाटत असेल तर थांबा. भाऊ संपला होता. आता स्टेशनला जायचं कारण उरलं नव्हतं आणि दुसरं कुठलं कारण सांगितलं तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार? आळी तिच्याशी नीट बोलेना. दळणही कुणी देईना, ही त्यातल्या त्यात वाईट खूण. आणि चिंधाबाईनं तर बोलणंच टाकलं. ओट्यावर बसायची, आक्का आली की तोंड फिरवायची. कडीला लटकून आक्का भाताला उकळी आणायची, पण घरातल्या घरात गुडघा पुन्हा धरायला लागला होता. "राहूदेराव मुक्कामालाच आलेत," ती आमच्या हिला म्हणाली आणि हसली नाही.

त्याच सुमारास मला कारखान्याची खोली मिळाली, पिंपरीला. आम्ही सामान टांग्यात भरलं. उन्हं कलली होती, गाडीची वेळ. टांगा सुटला तेव्हा आक्काचं दार उघडलं. बरं लुगडं नव्हतं, वेणीफणी नव्हती. हातात पिशवी नव्हती. ती ओट्यासमोर आली आणि थांबली, विचारायची वाट बघत असल्यासारखी. चिंधाबाई काही विचारेना. आक्काच म्हणाली, "चालायला जाते," आणि चालू लागली. चिखल वाळून रस्त्याला खड्डे पडले होते, त्यातून एक पाय जरा जपून टाकत. दारादारांतून लोक बघत होते. ती वळणावर पोचली आणि मला वाटलं, आता परत फिरणार.

तेवढ्यात इतक्या दिवसांची मुकी चिंधाबाई ओट्यावरून उठली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या पाठमोऱ्या अंगावर ओरडली, "मथे, जातीस तर जा, पण त्यो तुझा भाऊ माझ्या भाचीला दाखवायचं मी ठरवून आले हुते, आता तिच्या बापाला काय सांगू तेवढं बोलून जा."